वीतभर दोरा

उद्या घराचा कोपरा बसवायचाय ना तुम्हाला? मग ती पालिंका दारूची बाटली इकडे द्या आणि गप बसा. घाबरवायला सांगत नाही रे, घाबरायचं वय गेलं तुमचं. गाव्रिला माझ्या थोरल्या भावाचा साडू. त्याच्याच तोंडून ऐकलंय. शेवटचं तेवढं माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

दोन हजार चौदा साल, अठ्ठावीस ऑक्टोबर, मंगळवार. संत दुमित्रूचा सण होऊन दोन दिवस झालेले. रात्री नऊच्या सुमारास गाव्रिलाने बायकोला सांगितलं, "वरच्या कुरणावर जाऊन येतो. कोपऱ्याची पाचर सैल झालीय वाटतं."

"या वेळी? घर काय पळून जाणारे?"

"पावसाआधी बघितलेलं बरं."

कंदील घेतला, पहार खांद्यावर टाकली आणि निघाला. पाचरबिचर काही सैल झाली नव्हती.

वरच्या कुरणावर तो एकुलत्या एका मुलीसाठी, वोईकित्सासाठी, ओंडक्यांचं घर बांधत होता. जावई इटलीत, तिकडच्या बांधकामावर, उन्हाळ्यात तेवढा येऊन गेलेला. ही तोवर बापाकडे. म्हाताऱ्याने सगळे ओंडके स्वतः तासले, स्वतः खाचा पाडल्या, एकही खिळा मारला नाही. खिळाच मारायचा तर खोकी बनवा म्हणायचा, घर कशाला बांधता. पण उगवतीकडचा कोपरा काही केल्या बसेना. संध्याकाळी खाच घट्ट, सकाळी बोटभर फट. तीनदा उतरवला, तीनदा चढवला. खालच्या आळीतले लोक विचारायला लागले, "काय गाव्रिला, घर बांधतोस का फाटक?" ते त्याला फार लागलं.

मग त्याने ते केलं, जे आपले म्हातारे करायचे. तुम्ही कोणी करू नका. परक्या माणसाची सावली लोकरीच्या दोऱ्याने मापायची, दोऱ्याला गाठ मारायची आणि तो पायाच्या ओंडक्याखाली ठेवायचा. घर बसतं. ज्याची सावली, तो चाळीस दिवसांत जातो. मापताना मान मात्र वर करायची नाही. तोंड दिसलं की हात चालत नाही म्हणतात. एका संध्याकाळी ओंडक्यांच्या ढिगापलीकडून एक लांब सावली पुढ्यात आली. तेव्हा गावात एक कढया विकणारा फिरत होता. तोच असणार असं धरून गाव्रिलाने खाली मान घालून ती मापली. दोरा तांबडा, गाठ त्याची नेहमीची, दुहेरी. रात्रीत कोपरा असा बसला की सुरीचं पातं आत जाईना.

आणि चाळिसाव्या दिवशी, म्हणजे त्याच मंगळवारी, संध्याकाळी जेवताना वोईकित्सा हसत म्हणाली, "बाबा, कोपरा बसला त्याच्या आदल्या संध्याकाळी किती चिडला होतात हो! मी जेवण घेऊन आले, तर तुम्ही माझ्या पायाशी ओणवे. मानही वर केली नाहीत. मी भांडं ठेवलं आणि आल्या पावली परत गेले."

ते भांडं त्याला सापडलं होतं. बायकोने ठेवलं असेल, असं त्याला वाटलं होतं.

गेला महिनाभर पोरगी वाळत चालली होती. अन्न पोटात ठरत नव्हतं, सकाळी उठली की ओकारी, डोळे खोल गेलेले. आत्ताही तिने दोन घास खाऊन ताट सारलं. ती सावली कढईवाल्याची नव्हती, हे गाव्रिलाला कळलं. स्वतःच्या हाताने त्याने आपल्या पोरीला ओंडक्याखाली गाडलं होतं. सांगणार कुणाला, आणि कुठल्या तोंडाने? कोंबडा आरवायच्या आत तो दोरा बाहेर काढायचा, एवढंच त्याला सुचलं.

वर धुकं होतं. कुत्रं अर्ध्या वाटेवरून माघारी फिरलं. घराला अजून दार बसवलेलं नव्हतं. त्याने कंदील खाली ठेवला, ओंडक्याखाली पहार घातली आणि जोर लावला. वर अख्ख्या भिंतीचं वजन. हलेना.

पुन्हा लावला. नाही.

तिसऱ्यांदाही नाही.

चौथ्या वेळी ओंडका हलका झाला. दुसऱ्या टोकाला कुणी तरी खांदा दिला होता.

"कोण आहे?"

त्याने हात फटीत घातला. कोपरापर्यंत. बोटांना लोकर लागली. दोरा कोमट होता.

तेवढ्यात भिंतीच्या आतून आवाज आला. वोईकित्साचा.

"सापडला का, बाबा?"

पोरगी खाली घरात झोपली होती. तिच्या खोलीचं दार त्यानेच ओढून घेतलं होतं.

"मग माझ्या जागी काय ठेवता?"

त्याने दोरा मुठीत आवळला.

"ओंडका मी धरलाय, बाबा. तुमचा हात आत आहे."

गाव्रिला पक्का माणूस. घोड्यांच्या बाजारात त्याला कुणी कधी फसवलं नाही. घाबरला होता, पण डोकं चालू होतं.

"ज्याची सावली अजून कधी जमिनीवर पडली नाही," तो म्हणाला, "ते घे. माझ्या पोरीला सोड."

असं काय असतं जगात? काहीच नाही. गडी मनात म्हणाला, रिकामी पिशवी दिली.

"बरं."

एवढंच. त्याने हात ओढला. ओंडका खाली बसला. आवाज झाला नाही.

धडपडत तो घरी आला. दोरा चुलीत टाकला, पुरती राख होईपर्यंत समोर बसला आणि कित्येक दिवसांनी हसला. कोंबडा आरवला तेव्हा बायकोने त्याला हलवून उठवलं. "अहो, गाडी बोलवा. वोईकित्साला रक्त जातंय."

पोरगी वाचली, पोटातलं गेलं. तिला चौथा महिना होता. घरात ती कुणाला बोलली नव्हती. नाताळला नवरा आला की आधी त्याला सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. अन्न का ठरत नव्हतं ते नर्सने सांगितलं, तेव्हा गाव्रिला दवाखान्याच्या भिंतीला धरून खाली बसला. पोरीला मरण लागलंच नसेल, तिला नुसते दिवस गेले असतील. मग त्या रात्री मागणं मागितलं कुणी, हे त्याला मरेपर्यंत कळलं नाही. मला सांगताना म्हातारा रडला. लेकीला मात्र त्याने शेवटपर्यंत काही सांगितलं नाही.

त्या घरात कुणी राहिलं नाही. तीन वर्षांनी, गाव्रिला गेल्यावर, आम्ही ते उतरवलं. ओंडक्यांवर खडूने आकडे घालत घालत खाली आलो. उगवतीच्या कोपऱ्याला पहार माझ्या हातात होती. पायाचा ओंडका उचलला. खाली तांबडा लोकरीचा दोरा होता. गाठ गाव्रिलाची, दुहेरी.

ही माझी वीत बघा. हिच्यात मावला, वर बोटभर जागा उरली.

वोईकित्सा शेजारीच उभी होती. तिने तो हातावर घेतला, उलटासुलटा करून पाहिला.

"काका," ती म्हणाली, "एवढ्याशा दोऱ्याने बाबांनी काय मापलं असेल हो?"

मी पुढचा ओंडका उचलायला गेलो.