पुढं धरलेला नेम

पहिल्याच भेटीत डार्लानं त्याच्या कानशिलात पेपर हाणला, आणि चूक त्याचीच होती, असं तिचं तिथल्या तिथं ठाम मत पडलं. बुटाची नाडी बांधायला वाकलेल्या माणसानं असं मधेच उभं राहायचं असतं का?

ऑक्टोबरची सकाळ होती. नदीवरचं धुकं अजून मिलर्सफोर्डच्या रस्त्यांवरून उठलं नव्हतं, आणि मेपलची ओली पानं फुटपाथला चिकटून बसली होती. एमिलमामाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून पेपर टाकायचं काम डार्लाकडे आलं होतं. कॉलेजचे तास सुरू व्हायच्या आत सगळं गाव उरकायचं. गाडीही मामाचीच, टपालखात्यानं मोडीत काढलेली जुनी जीप. तिचं स्टिअरिंग इतर गाड्यांसारखं डावीकडे नव्हतं, उजवीकडे, फुटपाथच्या बाजूला होतं, त्यामुळे चालवता चालवताच उजव्या हातानं पेपरची सुरळी घराच्या पायरीवर भिरकावता येई. हा उद्योग डार्ला शाळेत असल्यापासून मामाच्या मागच्या सीटवर बसून करत आली होती.

तिनं ब्रेक मारला आणि मान बाहेर काढली.

"लागलं का?"

"नाही… म्हणजे हो. पण थांब. हा तू चालत्या गाडीतून टाकलास?"

"मग काय, उतरून एकेकाच्या हातात देऊ?"

"आणि आधीचे सगळे? मी पळता पळता मागं वळून बघत होतो. एकही पायरी चुकली नाही."

"तू मधे आलास म्हणून ही चुकली."

कान लालबुंद झाला होता, पण त्यानं तो चोळलासुद्धा नाही. करड्या डोळ्यांनी तो नुसता तिच्या हाताकडे बघत राहिला. मुलं आधी मुलीचं नाव विचारतात, एवढं डार्लाला माहीत होतं. या पठ्ठ्यानं विचारलं, "कसं करतेस?"

आणि तिला जाणवलं, की हे आपल्याला आजवर कुणीच विचारलेलं नाही.

त्याचं नाव ग्रेडी लिंडक्विस्ट. अमेरिकन फुटबॉलच्या, हातानं चेंडू फेकायच्या खेळाच्या जोरावर नेब्रास्काहून इथल्या छोट्या कॉलेजात आला होता, आणि दोन वर्षं बाकावर बसून इतरांचा खेळ बघत होता. आता संघाच्या क्वार्टरबॅकचं गळ्याजवळचं हाड मोडलं आणि चेंडू फेकायचं काम ग्रेडीच्या वाट्याला आलं. एका जागी उभा असला की तो लांबट चेंडू झाडाला टांगलेल्या टायरमधून आरपार घालवायचा. पण अंगावर गडी धावून आले आणि पळत पळत फेकायची वेळ आली, की चेंडू भलतीकडेच. संघाचे प्रशिक्षक ब्रुनर सरांनी त्याला बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं होतं, "शनिवारी धावत फेकलेला एक तरी पास पोचव. नाहीतर तो पहिल्या वर्षाचा पोरगा खेळेल." संघातली जागा गेली की फीमाफीही जाणार, आणि कॉलेजही. मग नाताळात बाडबिस्तरा गुंडाळून नेब्रास्काला, वडिलांच्या धान्याच्या कोठारावर.

हे सगळं त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी जीपच्या बाजूनं धावत, धापा टाकत सांगितलं.

"घर समोर यायच्या आधी सोडायचं," डार्ला म्हणाली. "समोर आलं की उशीर झाला म्हणून समज."

"किती आधी?"

"ते हाताला कळतं."

"मग हाताला विचार ना."

विचारलं, आणि तिथंच घोटाळा झाला. डार्ला आपल्याच हाताकडे लक्ष देऊ लागली आणि हात बिथरला. एक पेपर गुलाबाच्या काट्यांत, एक छपरावर, एक पोलॅकबाईंच्या मांजराच्या दुधात. ग्रेडी हसून हसून खांबाला टेकला. तिलाही हसू येत होतं, पण ते त्याला दाखवायचं नव्हतं.

घरी एमिलमामा गुडघ्यावर बर्फ ठेवून वाटच बघत होता. "माझ्या उभ्या जन्मात पोलॅकबाईचा फोन आला नव्हता. आज आला. पोरी, प्रेमात-बिमात पडलीस की काय?"

"विचारात पडलेय, मामा."

"तेच ते. सुरुवात तिथूनच होते."

गुरुवारी ती सराव बघायला गेली. कुंपणाला नाक लावून, कोटाच्या खिशात हात खुपसून उभी राहिली. ग्रेडी डावीकडे पळायचा, लांबवर चेंडू झेलणारा त्याचा मित्र मार्विनही डावीकडे पळायचा, आणि चेंडू सुरेख फिरत जाऊन मार्विनच्या पुढं पडायचा. मार्विन झेप घ्यायचा, चिखल खायचा, उठायचा. "खांदे वळव, लिंडक्विस्ट," सर ओरडत. ग्रेडी खांदे वळवायचा, आणि चेंडू पुन्हा पुढंच. डार्लाला राहवेना. दर वेळी पुढंच का? मागं का नाही एकदाही?

"नेम कुठं धरतोस?" सराव संपल्यावर तिनं विचारलं.

"मार्विनच्या थोडा पुढं. लहानपणापासून तेच शिकलोय. तो पळत तिथं पोचतो, चेंडूही तिथं पोचतो."

बोलणं बरोबर होतं. त्यात तिला काही खोट दिसेना, आणि खोट दिसत नाही म्हणून चैन पडेना. तो मात्र चिखलानं भरलेले बूट एकमेकांवर आपटत बसला होता. त्याची ती पडलेली मान बघून डार्लाच्या मनात आलं, हा जाणार… दोन महिन्यांनी हा इथं नसणार. त्या विचाराचा तिला एवढा राग आला, की ती निरोप न घेताच निघून गेली.

शुक्रवारी सकाळी कडाक्याची थंडी होती. ग्रेडी नेहमीसारखा जीपच्या बाजूनं पळत होता. मामीनं खसखशीचा गोड रोल कागदात बांधून दिला होता. डार्लानं एक डोळा रस्त्यावर ठेवून तो खिडकीतून त्याच्याकडे टाकला. त्यानं झेलला, पळता पळताच एक घास घेतला.

डार्लानं करकचून ब्रेक मारला.

"तू आत्ता काय केलंस?"

"खातोय," तो तोंड भरल्या भरल्या म्हणाला. "मामींना सांग, झकास झालाय."

"अरे, ते नाही. मी काय केलं? घरासाठी मी आधी सोडते. तुझ्यासाठी आधी सोडलं नाही. सरळ तुझ्याकडे टाकलं, आणि बरोबर हातात आलं."

मग दोघांनी पेपर बाजूला ठेवले आणि अख्ख्या गल्लीत खेळ मांडला. आधी हातमोजा, मग सफरचंद, मग थर्मासचं झाकण. तो उभा राहिला, की तिला आधी सोडावं लागे. तो जीपच्या वेगानं बाजूनं पळाला, की आधी काही नाही, पुढं काही नाही, सरळ त्याच्या छातीकडे टाकायचं. पोलॅकबाई गाऊनमध्येच दाराशी येऊन हा तमाशा बघत होत्या. "पेपर मिळणार आहे की मीही पळू?" त्यांनी विचारलं.

ग्रेडीला धाप लागली होती, पण डोळे चमकत होते. "म्हणजे गाडीचा वेग त्या वस्तूत आधीच भरलेला असतो."

"आणि तुझा चेंडूत. तू मार्विनच्याच दिशेनं पळत असतोस, त्यामुळे चेंडू आपोआप त्याच्याबरोबर सरकतो. आणि तू वर आणखी पुढं फेकतोस. उभ्या माणसाचा नेम तू पळताना वापरतोयस, ग्रेडी."

"म्हणजे दोघं एकाच दिशेनं, एकाच वेगानं पळत असले, तर…"

"तर दोघं उभेच आहेत असं समजायचं."

तो तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. डार्लानं घाईघाईनं गिअर टाकला, आणि पोलॅकबाईंचा पेपर थेट शेजारच्या अंगणात गेला.

शनिवारी अर्धं गाव मैदानावर लोटलं होतं. बँड वाजत होता, गरम कोकोच्या वाफा उठत होत्या. डार्ला मामाशेजारी बसली होती, पण हातातला कोको तिनं अजून तोंडाला लावला नव्हता. ग्रेडीनं धावत पहिला पास फेकला, तो मार्विनच्या पुढं. दुसराही पुढंच. जित्याची खोड, ती काय एका सकाळीत जाते? ब्रुनर सरांनी मान वळवून बाकाकडे बघितलं. पहिल्या वर्षाच्या पोरानं हेल्मेट चढवायला घेतलं.

पुढच्या डावात दोन धिप्पाड गडी ग्रेडीच्या मागं लागले. तो डावीकडे पळत सुटला. मार्विनही तिकडेच पळत होता. क्षणभर ग्रेडीची नजर सवयीनं मार्विनच्या पुढच्या मोकळ्या हिरवळीवर गेली… आणि परत फिरली. त्यानं सरळ मार्विनच्या छातीवरच्या आकड्याकडे फेकलं. लांबून तो चेंडू मागं राहणार असंच वाटलं. तो हवेत डावीकडे सरकत सरकत गेला आणि कुणीतरी नेऊन ठेवावा तसा मार्विनच्या हातात बसला.

डार्लाचा सगळा कोको मामाच्या दुखऱ्या गुडघ्यावर सांडला.

संघ सामना हरला, ती गोष्ट निराळी. पण सरांनी ग्रेडीच्या पाठीवर थाप मारली आणि एवढंच म्हणाले, "पुढच्या शनिवारी लवकर ये."

ओल्या केसांनी तो जीपपाशी आला तेव्हा मैदान रिकामं झालं होतं. मामा शेजारच्या कुणाच्या तरी गाडीतून मुद्दाम आधीच गेला होता.

"डार्ला… मी विचार करत होतो," ग्रेडी म्हणाला. "वसंतात तुला सुट्टी असते ना? तेव्हा नेब्रास्काला आलीस… म्हणजे आईला भेटलीस… आणि पदवीनंतर मी समजा इकडेच नोकरी बघितली, तर त्यानंतर कदाचित आपण…"

डार्ला दाराला टेकून ऐकत होती. तिला हसू येत होतं.

"ग्रेडी, नेम कुठं धरतोयस?"

तो थांबला. "…पुढं."

"आणि मी कुठं आहे?"

"इथं. माझ्या बाजूला."

"उभी आहे की पळतेय?"

"पळतेयस." त्याचा कान त्या दिवशीसारखा लाल झाला. "माझ्याच वेगानं… बहुतेक."

"बहुतेक नाही," ती हळूच म्हणाली. "मग सरळ टाक ना."

या वेळी तो तिच्या हाताकडे नाही, तिच्याकडे बघत होता.

"तू मला आवडतेस, डार्ला."

तिनं पुढं होऊन त्याचे गारठलेले हात आपल्या हातमोज्यांत घेतले.

"पोचलं," ती म्हणाली.