मान हलवली

डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी हसून मान हलवली. परदेशातल्या आमच्या मराठी गल्लीची ती सवयच. या देशाचा माणूस त्याच्या भाषेत काही बोलला, की हसायचं, मान हलवायची, वेळ निभावून न्यायची. डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. मग सोबत आलेल्या मामांनी माझा हात धरला.

"अरे, ती गेली रे."

सकाळी माझ्याच हातचा चहा पिऊन बायको कामावर गेली होती. मला अजून खरं वाटत नाही.

या देशात उतरलो, तेव्हा दुसऱ्याच दिवशी मामांच्या शिवणकामाच्या दुकानात बसलो. गिऱ्हाईक आपलं, भाषा आपली, मजुरीही मामा देतील ती. तिथे एकदा ती आली. आपल्याच भाषेची, पण गल्लीबाहेर राहणारी, हॉटेलात काम करणारी. कोटाची बाही लांब होती. मी आखूड करून दिली. आठवड्यानं पुन्हा तोच कोट.

"बाही अजून नीट वाटत नाही."

"दोनदा उसवली मी..."

"मग तिसऱ्यांदा उसवा. मी कुठे पळून चाललेय?"

असं चाललं. माप घेताना मी खाली बघायचो, ती माझ्याकडे. रस्त्यापलीकडच्या मोठ्या दुकानात याच कामाची दुप्पट मजुरी मिळते, असं तिनेच सांगितलं. मी म्हटलं, तिथे बोलावं लागतं. तर म्हणाली, मग माझ्याशी बोला, फुकट शिकवते. 'सरळ उभ्या राहा' हे पहिलं वाक्य. मग धीर करून मी विचारलं, 'माझ्याशी लग्न कराल का', हे कसं म्हणायचं?

"ते दुकानात कामाला येणार नाही."

"येईल... आत्ताच."

तिने शिकवलं. मी अडखळत म्हटलं. त्यावर ती त्याच भाषेत काहीतरी लांबलचक बोलली. मी हसून मान हलवली — सवयीनं.

ती खळखळून हसली. "काय म्हटलं कळलं का? म्हटलं, करीन, पण तुम्ही पलीकडच्या दुकानात काम धरायचं. मान हलवलीत, आता सुटका नाही."

लग्न झालं. ती रोज रस्ता ओलांडून कामाला जायची. माझं मात्र, मामांची घाईची ऑर्डर झाली की जातो, असंच चाललं. गेल्या महिन्यात तिने त्या दुकानात माझ्यासाठी शब्द टाकला होता. ती गेल्यावर, परवा त्या दुकानातल्या बाई भेटायला आल्या. सावकाश बोलल्या. जागा अजून रिकामी आहे, एवढं मला कळलं.

मी मान हलवली नाही. अजून गेलेलोही नाही.