नळीत उरलेलं औषध

"ए! हात खाली!"

नेरिडा एवढ्या जोरात ओरडली, की पत्र्यावरचे काकाकुवे उडाले. तबेल्यात एक अनोळखी तरुण उभा होता. एका हाताने त्याने बारा दिवसांच्या शिंगराचा जबडा धरला होता, दुसऱ्या हातात घोडीच्या जंताच्या औषधाची नळी होती.

"मी डेक्लन. तुमच्या बाबांनी काल घोड्यांच्या लिलावाला निघताना कामावर ठेवलंय," तो म्हणाला. "घोडीला पाजलं, थोडं उरलं... वाया कशाला घालवायचं म्हणून—"

"शिंगराला दिलंस?"

नाही म्हणून टाकलं असतं तर कुणी पाहिलं होतं? पण तो म्हणाला, "हो. पेरभर. आमच्या काकांकडे सगळे असंच करायचे."

"खड्ड्यात गेले तुझे काका! हे औषध एवढ्याशा जिवाला विष आहे, शहाण्या! दोन महिने त्याला काही द्यायचंच नसतं. नंतर द्यायचं तेही वेगळं, छातीला मापाची फीत लावून, वजन काढून. अक्कल गहाण टाकून आलास काय?"

ओल्या फडक्याने तिने शिंगराचं तोंड पुसलं आणि डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर आले, सलाईन लावून गेले. आता वाट बघायची, म्हणाले. दुपारपर्यंत शिंगराचे पाय लटपटले, मग ते गवतावर आडवंच झालं. डेक्लन त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. उठलाच नाही.

"मान सरळ धर. श्वास कोंडेल त्याचा."

"धरली... किती रागावता हो तुम्ही."

"अजून सुरुवात कुठे झालीय?"

"झाली की सांगा. टोपी काढून बसतो."

तिला हसू येता येता राहिलं. त्याचाच तिला जास्त राग आला. असल्या वेळी कुणी इतके निळे डोळे घेऊन समोर बसतं का?

"बाबा उद्या लिलावाहून येतील ना?" तो हळूच म्हणाला. "मीच सांगेन त्यांना. नोकरी गेली तर गेली."

नेरिडा ताडकन उठली, पुन्हा बसली. तो राग सकाळपासून त्याच्यावर नव्हताच.

"तीन वर्षांपूर्वी मीही हेच केलं," ती म्हणाली. "उरलेलं औषध, पेरभरच. ते शिंगरू गेलं. मी बाबांना सांगितलं, साप चावला. आठवडाभर ते काठी घेऊन कुंपणाच्या कडेने साप शोधत हिंडले, डेक्लन... आणि मी त्यांना जेवायला हाका मारत होते."

गवतातून त्याचा हात सरकत आला आणि तिच्या हाताशी थांबला. तिने तो झटकला नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं तबेल्यात आली तेव्हा शिंगरू धडपडत उभं राहिलं. एकदा पडलं, पुन्हा उठलं आणि आईच्या कासेला लागलं. इवलीशी शेपटी हलायला लागली. डेक्लन रडत होता, टोपीने तोंड लपवून.

बाहेर बाबांची गाडी थांबली.

"चल," नेरिडा म्हणाली. "आधी मी सांगणार. मग तू."

"आणि हाकललं तर?"

"तर मीही येईन. तुझ्यावर ओरडायला कुणीतरी हवंच ना!"

"रोज?"

"रोज!" ती ओरडली, आणि त्याचा हात घट्ट धरून बाबांसमोर जाऊन उभी राहिली.