घोरपडीच्या पोटात काय आहे?

लोहचुंबक टण्णकन चिकटलं आणि गाडीखाली आडवी झालेली शाल्मली दचकली.

"लोखंड," बाहेरून वाकून बघणारे भाऊसाहेब म्हणाले. "म्हणजे दातेरी चाकांचा ट्रान्स्फर केस. मी सुट्या भागांच्या कोठाराला तसं कळवतो."

"थांबा हो जरा. कळवायची कसली घाई आहे?" मुग्धाआजी म्हणाली.

भाऊसाहेब हे यंत्रमानव. वाहन-संग्रहालयाने पाठवलेले. त्यांचं खरं नाव म्हणजे एक लांबलचक आकडा होता, पण मान ताठ ठेवून नियम सांगायची त्यांची ढब पाहून आजीने त्यांना आल्या आल्या भाऊसाहेब करून टाकलं होतं. आणि गाडी म्हणजे आजीची जुनी डिझेल पिकप, घोरपड. आजी भूगर्भशास्त्रज्ञ (जमिनीच्या पोटाचा अभ्यास करणारी). तरुणपणी ती आणि निखिलआजोबा भूकंपमापक यंत्रं लादून कासारखिंडीतून वर पठारावर जायचे, तेव्हा ही गाडी कातळाला अशी चिकटून चढायची की दुसरं नाव शोभलंच नसतं. आजोबा गेले तेव्हापासून मात्र ती शेडमध्ये धूळ खात उभी होती.

आता रस्त्यावर डिझेलच्या गाड्या उरल्या नव्हत्या. संग्रहालयाचा नियम साधा होता. आज संध्याकाळी जी जुनी गाडी खिंडीचा चढ स्वतःच्या चारही चाकांनी चढेल, ती जपली जाईल. बाकीच्या भट्टीत जातील. आणि आज सकाळीच घोरपडीच्या पोटातून कट्कट् कट्कट् असा आवाज आला आणि तिच्या पुढच्या चाकांनी संप पुकारला. आजीने चहा तसाच गार होऊ दिला. शाल्मलीला त्यावरून काय ते कळलं.

"आजी, ट्रान्स्फर केस म्हणजे नक्की काय गं?"

"आम्ही त्याला स्पेशल गिअरचा डबा म्हणायचो."

"हा शब्द माझ्या माहितीत नाही," भाऊसाहेब म्हणाले.

"नसणारच. तो ड्रायव्हर लोकांचा शब्द आहे." आजी शाल्मलीकडे वळली. "तुमच्या गाडीत प्रत्येक चाकाला आपापली मोटर असते. आमच्या वेळी सगळ्या गाडीत इंजिन एकच. पंगतीच्या स्वयंपाकघरासारखं. इंजिन ताकद शिजवणार. गिअरबॉक्स ठरवणार की ती सावकाश पण जोरदार वाढायची, की भरभर पण हलकी. आणि ट्रान्स्फर केस म्हणजे वाढपी. त्याच्यातून दोन प्रोपेलर शाफ्ट (फिरणारे लांब दांडे) निघतात, एक मागच्या चाकांकडे, एक पुढच्या. सपाट रस्त्यावर तो फक्त मागच्या पंगतीला वाढतो. चिखल आला, चढ आला की आपण दांडी ओढायची, मग दोन्ही पंगतींना वाढतो."

"आणि आता पुढची पंगत उपाशी आहे."

"हो. का, ते कळायला हवं. वाढप्याच्या पोटात मागून पुढे ताकद न्यायचे दोन मार्ग असतात. एकमेकांत अडकलेली दातेरी चाकं, नाहीतर सायकलला असते तशी साखळी. या पिकपमध्ये दोन्ही तऱ्हा यायच्या. आपला डबा कुठला होता, ते निखिलला ठाऊक. गाडीखाली कायम तोच असायचा."

"डब्यावरची नंबरपट्टी गळून पडली आहे," भाऊसाहेब म्हणाले. "पुढचा शाफ्ट दोन्ही तऱ्हांत उजवीकडूनच निघतो, त्यामुळे तीही खूण कामाची नाही. मात्र दातेरी चाकांचा डबा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) असे, आणि साखळीचा ॲल्युमिनियमचा."

म्हणून तर आजीने आपलं लोहचुंबक काढून दिलं होतं. खडकात लोह आहे का, हे बघायला ती ते जन्मभर गळ्यात घालून हिंडली होती.

"उघडूनच बघूया ना," शाल्मली म्हणाली.

"उघडायला दुपार होईल," भाऊसाहेब म्हणाले. "भाग आणणाऱ्या ड्रोनची एकच फेरी मंजूर आहे आणि ती दुपारच्या आत. चाकं आणायची की साखळी, ते आताच सांगायला हवं."

चुकीचा भाग आला, तर घोरपड भट्टीत. शाल्मली पुन्हा गाडीखाली सरकली.

"दांडी ओढलेली आहे," आजीने वरून सांगितलं. "पुढची चाकं जॅकवर आहेत, मागची जमिनीवर. पुढचा शाफ्ट हाताने फिरवून बघ. दातेरी चाकं असतील तर जेमतेम हलेल. साखळी असेल आणि ताणून सैल झाली असेल, तर चांगला झोका खाईल."

शाल्मलीने शाफ्ट फिरवला. तो बराच फिरला, मग अडला. उलटा फिरवला, तर तिकडेही बराच गेला. "झोका आहे, आजी. म्हणजे साखळी."

"खिळखिळ्या सांध्यांमुळेही तसं होतं," भाऊसाहेब ठामपणे म्हणाले. "लोहचुंबक चिकटलं, ही गोष्ट पक्की आहे."

एक खूण म्हणते साखळी, दुसरी म्हणते चाकं. शाल्मलीला रडू येईलसं वाटलं. मग तिला आजीचंच बोलणं आठवलं. दोन निरीक्षणं भांडायला लागली की दोघांकडे परत जायचं. शाफ्टकडे ती गेली होती, आता लोहचुंबकाकडे जायला हवं. ते नेमकं कशाला चिकटलं होतं?

तिने टॉर्च लावला. खालून दिसत होता तो गंजलेला, चिखलाचा थर बसलेला भाग. पण त्याच्या वर बोटभर फट होती आणि फटीच्या पलीकडे पांढुरकं, गंजाचा ठिपकाही नसलेलं काहीतरी. तिने लोखंडाच्या कडेबाहेर हात नेऊन लोहचुंबक त्या पांढुरक्या भागाला टेकवलं. ते सटकलं आणि थेट तिच्या नाकावर आपटलं.

"आई गं! आजी, डबा ॲल्युमिनियमचा आहे. लोखंडाचं त्याच्याखाली काहीतरी वेगळंच बसवलंय."

भाऊसाहेबांनी वाकून दोनदा पाहिलं. "चूक झाली," ते म्हणाले, आणि त्यांनी साखळी मागवली.

ड्रोन येईपर्यंत त्यांनी खालचं लोखंड सोडवलं. दोन पट्ट्यांवर बोल्टने आवळलेलं होतं ते. शाल्मलीने चिखल खरवडला, तर गोल कड निघाली आणि एका बाजूला कडी. आजीने ते हातात घेतलं आणि तशीच मटकन जमिनीवर बसली.

"माझ्या आईचा तवा," ती म्हणाली. "पठारावर हरवला होता. निखिल म्हणाला, ओढ्यात वाहून गेला. मी त्याला काय काय बोलले. पुढचं सगळं आयुष्य बोलत राहिले, एक तवा सांभाळता येत नाही म्हणून. तो नुसता हसायचा."

"का नाही सांगितलं त्यांनी?"

"मी कधी दिला असता का तवा?"

भाऊसाहेब तव्यावरून सेन्सर फिरवत होते. "यावर दगड आपटल्याच्या असंख्य खुणा आहेत. ॲल्युमिनियमला हे आघात सोसले नसते. डबा फुटून गाडी पठारावरच अडकली असती."

आजी तव्याच्या पोचांवरून बोट फिरवत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते ती पुसतही नव्हती. शाल्मली तिला खेटून बसली.

दुपारभर खपून त्यांनी साखळी बसवली. जुनी साखळी इतकी ताणली होती की मधोमध लोंबत होती. सकाळचा कट्कट् आवाज ती दात्यांवरून उड्या मारत होती त्याचा.

"तवा मूळ भागांत मोडत नाही," शेवटी भाऊसाहेब म्हणाले. "नियमाप्रमाणे बाहेरची वस्तू..." त्यांनी आजीकडे पाहिलं. "नियमात रक्षक-पत्रा चालतो. तो कशाचा असावा, हे लिहिलेलं नाही."

तवा होता तिथेच परत गेला. संध्याकाळी आजीने दांडी ओढली, वाढप्याने दोन्ही पंगतींना वाढलं आणि घोरपड गुरगुरत खिंडीचा चढ चढून पठारावर आली. आजीने इंजिन बंद केलं. समोर चंद्र उगवत होता.

"आजी, चंद्रावरच्या गाड्यांना वाढपी नसतो ना?"

"नसतो. तिथे प्रत्येक चाक आपलं आपण जेवतं."

"मी मोठी झाले की तिथे गाडी चालवणार. आणि तिच्याखाली, दगड लागू नयेत म्हणून, आपल्या घरातलं काहीतरी बसवणार."

"बसव की," आजी नाक ओढत म्हणाली. "फक्त नेताना मला सांगून ने."