ध्रुपदाची जागा

कॅलिस्टोवरच्या वेधशाळेत आता एकच माणूस उरलं होतं, आणि तिलाही सामान बांधायला सांगण्यात आलं होतं.

शाल्मली केळशीकरने दोन वस्तू टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. एक स्मृतिमणी, चिंचोक्याएवढा, काळा आणि गुळगुळीत. दुसरा सुवाह्य तबकडीवादक, जेवणाच्या डब्याएवढा. त्याच्या झाकणात पडदा होता आणि पोटात तबकडी फिरवणारी मोटर. तबकडीवरचे सूक्ष्म खळगे वाचायला लेसरचा डोळा होता. गुरूच्या चंद्रांवरची सगळी माणसं घरी नेणारं यान निघालं होतं. प्रवास वर्षानुवर्षांचा, आणि नियम असा की प्रत्येकी एकच रंजनसाधन.

"कीर्तनाला रंजन म्हणतात," ती संदेशयंत्रात म्हणाली. "ज्यानं हे लिहिलंय त्याला एकदा देवळात आणून बसवायला हवा."

पलीकडे गॅनिमिडवर नौशाद मुजावर होता. मूळचा मिरजेचा, स्मृतिसाठ्यांचा तज्ज्ञ. दोघांच्या बोलण्यात काही श्वासांचं अंतर पडे. तेवढ्या वेळात शाल्मली एकटी असल्याची पुन्हा एकदा खात्री होई.

"ताई, यात विचार करण्यासारखं आहे काय?" उत्तर आलं. "मण्यात तुमच्या अण्णांची सगळी कीर्तनं आहेत. तबकडी एक, कीर्तनही एक. शिवाय तुमचा तो डबा उत्तररंग यायच्या आत बॅटरी संपवतो."

"श्रोतेही तेव्हाच उठतात, नौशादभाई. त्यात नवीन काही नाही."

काही श्वासांनंतर तो हसला. "मोटर झिजते. भिंगावर धूळ बसते. यान वळलं की फिरती तबकडी हिसका देणार. मण्यात हलणारं काहीच नाही."

"पण चित्र? वादकावर बुक्क्याचा कणन् कण दिसतो."

"मण्यावरही दिसतो. वर मणी स्वतःला बरा करतो. तबकडीवर ओरखडा पडला की तो कायमचा."

ते खरंच होतं. गुरूभोवतीच्या किरणोत्सर्गात साधी स्मृती फार टिकत नसे. म्हणून या मण्यात 'पूरक' नावाची यंत्रणा बसवलेली होती. एखादा तुकडा नष्ट झाला, की आजूबाजूचं आणि तत्सम बाकीचं सगळं तपासून पूरक तिथे काय असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे ते ठरवी आणि ती जागा भरून काढी.

शाल्मलीने मणी बोटांत फिरवला. केळशीकरबुवा म्हणजे तिचे अण्णा, आणि लहानपणापासून तीच त्यांची ध्रुपदकरीण. अण्णा समोर उभे, ती मागे झांजा घेऊन. अण्णा अर्धी ओळ म्हणून मागे वळत, तबला थांबे, आणि उरलेली अर्धी ओळ ती उचले. मगच अण्णा तिच्यामागून ती ओळ म्हणत आणि कीर्तन पुढे सरके. इकडे यायला निघाली तेव्हा अण्णांनी मण्यात सगळं भरून दिलं होतं. ही एक तबकडी मात्र नंतर आली, रसद घेऊन येणाऱ्या यानातून. अण्णा गेल्याचा निरोपही त्याच सुमारास आला. वेधशाळेच्या यंत्रणेने नियमाप्रमाणे तबकडी परस्पर मण्यात उतरवून घेतली, आणि शाल्मलीने ती न बघताच फडताळात ठेवून दिली. कित्येक वर्षं तिला धीर झाला नाही.

झाला तेव्हा तिने मण्यावरच ते कीर्तन लावलं. अण्णा मागे वळले, आणि त्यांच्या मागे ती स्वतःच उभी होती, गात होती. तिला हायसं वाटलं. अण्णांनी जुनंच एखादं पाठवलंय तर. पुढे ते तिचं आवडतं झालं. जेवताना, दुर्बीण पुसताना तेच चाले.

"मग मणीच घेते," ती म्हणाली.

"घ्या. पण वादक मोडीत द्यायच्या आधी तेवढं एक कीर्तन ताडून बघा. मूळ प्रत हाताशी आहे तोवर."

तिने वादक उघडला. मोटर कुरकुरली, मग लागली. पडद्यावर गावचं रामाचं देऊळ आलं, इतकं स्वच्छ की अण्णांच्या उपरण्याची उसवलेली कड दिसली. ते थकलेले दिसत होते. मण्यावर कधी इतके थकलेले वाटले नव्हते.

"दिवा ठेवा दारी..." अण्णांनी अर्धी ओळ म्हटली आणि ते मागे वळले.

तबला थांबला. कुणीच गायलं नाही.

मागे सतरंजी होती. सतरंजीवर झांजांचा जोड, लाल दोरी नीट गुंडाळून ठेवलेला. बाजूला माणूस नव्हतं. अण्णा त्या जागेकडे बघत राहिले. श्रोत्यांत कुणी खोकलं. ती शांतता लांबत गेली. मग अण्णा समोर वळले आणि त्यांनी स्वतःच हलक्या आवाजात ओळ पुरी केली.

शाल्मलीने वादक बंद केला.  मग जे पाहिलं ते तिने नौशादला जसंच्या तसं सांगितलं.

उत्तर आलं.

"ताई, नष्ट झालेला तुकडा पूरकाला कसा दिसतो? कोरा. आणि खरी शांतता? तीही कोरीच. बाकीच्या प्रत्येक कीर्तनात त्या ठिकाणी तुमचा आवाज आहे. मग पूरकाच्या हिशेबात ही शांतता म्हणजे बिघाडच. त्यानं तो दुरुस्त केला. आवाज आला म्हटल्यावर माणूसही आलं."

"म्हणजे मी निघून गेल्यावरचं कीर्तन आहे हे."

"हो."

"आणि अण्णा थांबले होते."

 नौशाद म्हणाला, "बाकीच्या कीर्तनांतही पूरकाचा हात फिरला असेल. किती, ते सांगता येणार नाही. पण ती आहेत तरी. तबकडी घेतलीत तर ती सगळी जातील. नीट विचार करा."

तिने विचार केला. मण्यात अण्णांची सगळी हयात होती. त्यात ती कधीच घर सोडून गेली नव्हती, अण्णांना कधीच थांबावं लागलं नव्हतं. तिथे तिची जागा भरलेली होती, तिच्यावाचूनच.

तिने मणी मागे ठेवायच्या वस्तूंच्या पेटीत टाकला आणि झाकण लावलं.

"नौशादभाई, वादकाच्या मोटरचा पट्टा सैल झालाय. यानात आवळून द्याल?"

"देतो. कुरकुर मात्र तुमची तुम्ही ऐका."

वेधशाळेतले दिवे एकेक करून बंद झाले होते. खिडकीबाहेर बर्फाळ खड्डे होते आणि पलीकडे गुरूचा पट्ट्यापट्ट्यांचा गोळा. शाल्मलीने वादक टेबलावर ठेवला, स्वतः त्याच्या मागे सरकून उभी राहिली आणि तबकडी पुन्हा लावली.

"दिवा ठेवा दारी..."

अण्णा मागे वळले. तबला थांबला. श्रोत्यांत कुणी खोकलं.

कित्येक वर्षांत ती गायली नव्हती. आवाज आधी फाटला, मग लागला.

"...येते कुणी दूरचे," तिने ओळ उचलली.

अण्णा समोर वळले आणि तिच्यामागून, हलक्या आवाजात, त्यांनी तीच ओळ म्हटली.