सव्वीस लेबलांचा सूड

"शिक्केसाहेबांच्या थर्मासमध्ये मीठ घालायचं," ठिणगी म्हणाली. "चांगलं मूठभर."

"ते थुंकतील आणि दुसरा चहा मागवतील," लांबू म्हणाला. "यात सूड कुठे आला?"

"मग खुर्चीला डिंक लावायचा."

"धुवायला आईलाच सांगतील."

ठिणगीने डिंकाचा बेत सोडला, पण सूड सोडला नाही. ती सुटीसाठी मावशीकडे आली होती. लांबू आणि धाकटी बटण ही मावशीची मुलं. मावशी ग्रंथालयात कामाला, त्यामुळे रोज सकाळी तिच्यामागोमाग तिघंही तिथे येत आणि बालविभागातल्या खिडकीखालचा बाक अडवून बसत.

अकरा वर्षं मावशी इथल्या पुस्तकांवरची धूळ पुसत होती. पुसता पुसता वाचत होती, वाचता वाचता जीव लावत होती. यंदा कर्मचाऱ्यांसाठी सहा आठवड्यांचं प्रशिक्षण निघालं. कोणत्या विषयाच्या पुस्तकाला कोणता क्रमांक द्यायचा, त्याचं कार्ड कसं लिहायचं, ते कोणत्या खणात लावायचं, हे सगळं त्यात शिकवणार होते. पास होणाऱ्याला तालिकेच्या, म्हणजे कार्डांच्या यादीच्या, टेबलावर जागा मिळणार होती. नापास होणाऱ्याच्या हाती पुन्हा फडकं. मावशीने पहिल्या दिवशीच नाव दिलं.

परीक्षेत प्रत्येकाला तीस पुस्तकं मिळाली होती. पुस्तकाचा क्रमांक ठरवायचा, कार्ड लिहून खणात लावायचं, पुस्तकाच्या कण्यावर लेबल चिकटवायचं. तपासायला होते उपग्रंथपाल. समोर येईल त्या कागदावर न वाचता शिक्का उमटवत, म्हणून मुलांनी त्यांचं नाव शिक्केसाहेब ठेवलं होतं.

काल निकाल लागला. शिक्केसाहेबांनी मावशीचं एक पुस्तक उंच धरून सगळ्यांना दाखवलं. "पुस्तक पक्ष्यांचं. लेबलावर काय? सहाशे एक्केचाळीस. म्हणजे पाककला. बाईंनी पक्षी थेट चुलीवर चढवले." प्रशिक्षणातले बाकीचे सातही जण हसले. तीसपैकी सव्वीस चूक. "झाडणाऱ्या हातांना झाडणंच शोभतं," साहेब म्हणाले आणि कागदावर शिक्का मारला, ठप्प. दाराच्या काचेला नाकं लावून तिन्ही मुलांनी ते पाहिलं.

घरी आल्यावर मावशी एवढंच म्हणाली, "चिकटवताना माझाच हात चुकला असेल." मग ती भाजी चिरत बसली. भाजीत कांदा नव्हता, तरी डोळे पुसत राहिली.

"मी ते पक्ष्यांचं पुस्तक आणतो," लांबू उठत म्हणाला. "बघू तरी."

पाच मिनिटांनी तो पुस्तक घेऊन आला. "पाककलेच्या कपाटात होतं. चुकीचं लेबल तसंच ठेवून पुस्तक लावून टाकलंय. उद्या प्रशिक्षणाचा समारोप ना, त्यासाठी सगळं चकाचक दिसायला हवं."

बटणने पुस्तक मांडीवर घेतलं. ती आठ वर्षांची होती आणि मोठ्यांना न दिसणारं तिला दिसत असे, कारण तिची उंचीच तेवढी होती. "हे लेबल आईने लावलेलं नाही," ती म्हणाली.

"कशावरून?"

"आई खालून दोन बोटं मोजते. हे वर चढलंय, वाकडंही आहे."

ठिणगीने पुस्तक ओढून घेतलं. पानं पाण्यातल्या सावलीसारखी लहरत होती, तपकिरी झाली होती. तिने वास घेतला. चहा. पानं उलटताना मधून घडी घातलेला एक कागद गळून पडला. वर उपग्रंथपालांच्या कार्यालयाचं नाव छापलेलं, खाली निळ्या शाईत फुटलेली अक्षरं, अर्धा कागद चहाने माखलेला. लांबूने मोठ्याने वाचलं, "अचूकता हा ग्रंथालयाचा श्वास आहे. हा श्वास आम्ही..." पुढचं चहात बुडालं होतं.

"पुस्तक टिपायला कागद घातला आणि तसाच विसरले," ठिणगी सावकाश म्हणाली. "मावशीची पुस्तकं रात्रभर त्यांच्या टेबलावर होती. चहा सांडला, लेबलं सुटली, मग हाताला येईल ते कुठेही चिकटवलं. आणि सकाळी स्वतःच तपासायला बसले."

"खरा क्रमांक कळेल," लांबू म्हणाला. "आई रोज घोकायची ना, लेबल लावायच्या आधी आतल्या पानामागे पेन्सिलने क्रमांक लिहायचा."

त्यांनी नाव छापलेलं पान उलटलं. कोपऱ्यात मुंग्यांच्या रांगेसारखे मावशीचे बारीक आकडे होते. पाचशे अठ्ठ्याण्णव. पक्ष्यांचा क्रमांक. बरोबर.

मग दुपारभर तिघं खणांतून फिरली. मावशीच्या अक्षरातली कार्डं शोधायची, त्यावरून पुस्तकाचं नाव घ्यायचं आणि ते पुस्तक भलत्याच कपाटातून हुडकून काढायचं. पुलांच्या बांधकामाचं पुस्तक दातांच्या आजारांत सापडलं, ताऱ्यांचं शेळ्यांच्या संगोपनात. प्रत्येकाच्या आत पेन्सिलचा आकडा बरोबर, बाहेरचं लेबल चूक. एकूण सव्वीस.

"आता कार्यालयात जाऊन सरळ सांगू," लांबू म्हणाला.

"कुणाला? त्यांनाच?" ठिणगीने पुस्तक जिथून काढलं होतं तिथेच परत ठेवलं. "ते 'बरं बरं' म्हणतील, गुपचूप लेबलं बदलतील, आणि मावशी धूळच पुसेल. काल चारचौघांत हसले ना? मग चारचौघांतच फेडायचं. पुस्तकं असू देत जिथल्या तिथे."

"तू फार खुनशी आहेस, ताई," लांबू म्हणाला. पण त्याने कागद घडी करून खिशात जपून ठेवला.

बटण जिन्यावरून उतरताना गुणगुणत होती:

"शिक्केसाहेब शिक्केसाहेब, वरवरच बघा,
आतलं पान विचारतंय, कधी येता, सांगा."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मोठं दालन भरलं. पहिल्या रांगेत संचालक बाई, पांढऱ्या केसांच्या, शांत. मागे प्रशिक्षणार्थी. मावशी शेवटच्या खुर्चीवर, हात मांडीत मिटलेले. आज तिथून उठून तिला फडकं उचलायचं होतं.

शिक्केसाहेबांनी घसा खाकरला. "अचूकता हा ग्रंथालयाचा श्वास आहे," त्यांनी सुरुवात केली. भिंतीलगतच्या बाकावर बसलेल्या बटणने लांबूला कोपर मारलं.

भाषणानंतर साहेबांनी खणांकडे हात केला. "आमच्या नव्या तालिकेतून कोणतंही कार्ड काढा. एका मिनिटात पुस्तक हजर करतो."

"मी काढू?" बटण उभी राहिली. लहान मुलगी पाहून सगळ्यांना कौतुक वाटलं. तिने खण ओढला आणि काल हेरून ठेवलेलं ताऱ्यांचं कार्ड दिलं. साहेब ऐटीत कपाटाशी गेले. एक रांग पाहिली, दुसरी पाहिली. मिनिट संपलं.

"कुणीतरी वाचायला नेलं असेल," ते हसले.

"मग हे," लांबूने पुलांचं कार्ड पुढे केलं. तेही सापडेना. साहेबांच्या कपाळावर घाम आला.

"आणि हे," ठिणगी म्हणाली. "पक्ष्यांचं."

कार्डावरचं अक्षर पाहून साहेबांचा चेहरा उजळला. "अच्छा! बाईसाहेब, ही कार्डं एका नापास झालेल्या बाईंची आहेत. क्रमांक चुकले, मग पुस्तक सापडणार कसं?"

मागे खुर्ची करकरली. मावशी उठून दाराकडे निघाली होती.

"मावशी, थांब," ठिणगीचा आवाज चिरकला. "पुस्तक मी आणते. मला तीस सेकंदं पुरतात."

ती पाककलेच्या कपाटाशी गेली आणि पुस्तक आणून संचालक बाईंच्या हातात दिलं. "लेबल सहाशे एक्केचाळीस. आता आतलं पान उलटा. तिथे आणि कार्डावर एकच आकडा आहे. साहेबांनी तपासताना फक्त कणा पाहिला, पुस्तक उघडलंच नाही."

संचालक बाईंनी पान उलटलं. चष्मा नीट केला. बोटाने फुगलेली पानं चाचपली. लांबूने खिशातला कागद पुढे केला, तो त्यांनी शांतपणे वाचला. "अचूकता हा ग्रंथालयाचा श्वास आहे." त्यांनी साहेबांकडे पाहिलं. "हे वाक्य आत्ताच ऐकलं मी. पुस्तकात कसं आलं?"

शिक्केसाहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. "चहा सांडला होता. थोडासा."

"किती पुस्तकांवर थोडासा?"

"सव्वीस," बटण म्हणाली. "आम्ही मोजलीत."

या वेळी हसू वळलं ते साहेबांच्या दिशेने. परवाचे सातही जण हसत होते. ठिणगीने साहेबांकडे टक लावून पाहिलं. परवा मावशीची मान खाली गेली होती, अगदी तेवढीच आज त्यांची गेली. हे तिने डोळे भरून पाहिलं आणि तिला मुळीच वाईट वाटलं नाही.

मुलं एकेक पुस्तक आणत गेली, बाई पेन्सिलचे आकडे कार्डांशी पडताळत गेल्या. तिसाव्या पुस्तकानंतर त्यांनी मावशीला पुढे बोलावलं. "तीसपैकी तीस. सोमवारपासून तालिकेच्या टेबलावर बसा." मग त्या साहेबांकडे वळल्या. "परवा या बाईंच्या हातांबद्दल काही बोलल्याचं माझ्या कानावर आलं. ते इथेच, याच लोकांसमोर परत घ्या. नंतर ही सव्वीस लेबलं तुम्ही काढायची आणि तुम्हीच लावायची. बरोबर लागलीत की नाहीत, ते या बघतील."

साहेबांनी माफी मागितली. आवाज इतका बारीक की बाई म्हणाल्या, "मागच्या खुर्च्यांना ऐकू आलं नाही." मग त्यांनी पुन्हा मागितली.

निघताना बाई मुलांजवळ थांबल्या. "पुस्तक उघडून पाहायचं असतं, हे सहा आठवड्यांत कुणी शिकवलं नाही. तुम्ही एका सकाळी शिकवलंत. शाबास." ठिणगीच्या डोक्यावर हात ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "मिठापेक्षा हे झोंबलं असेल." खिडकीखालच्या बाकावरचं बोलणं बाईंच्या शेजारच्या खोलीत ऐकू जातं, हे ठिणगीला तेव्हा कळलं.

संध्याकाळी चौघं पायऱ्या उतरत होती.

"मला आधी सांगितलं असतंत तर मी नकोच म्हटलं असतं," मावशी म्हणाली.

"म्हणून तर नाही सांगितलं," ठिणगी म्हणाली.

मावशीने पदराने ओठ झाकले, पण हसू काही झाकलं गेलं नाही. "माफी दुसऱ्यांदा मागायला लावली ना," ती म्हणाली, "खरं सांगू? पहिल्यांदाच मला स्वच्छ ऐकू आली होती."