तोलेदोचा रिकामा पाळणा

यातलं एकही वाक्य वाढवलेलं नाही. आकडे त्या-त्या वेळीच वहीत टिपले होते आणि ती वही आजही माझ्या टेबलावर आहे.

१७ जून २००६. स्पेनमधलं तोलेदो.

माझा भाऊ पुष्कर, निवेदिता वहिनी, त्यांची चार महिन्यांची मुलगी आणि मी. सुट्टी संपवून गाडीने सांतांदेरला निघालो होतो, तिथून इंग्लंडची बोट. वाटेत एका रात्रीचा मुक्काम.

बाळाच्या पासपोर्टवर नाव होतं सान्वी. पण घरात ते कोणी उच्चारत नव्हतं. पुण्याहून येणाऱ्या आईचा व्हिसा अडकला होता, म्हणून लंडनजवळ पिनरला, दादाच्या घरी व्हायचं बारसं लांबलं होतं. कानात नाव मी सांगायचं, आत्या म्हणून. तोवर ती नुसती 'बाळ'.

गेस्टहाऊस म्हणजे तीनशे वर्षांचं दगडी घर. खोलीच्या कोपऱ्यात एक लाकडी पाळणा होता. झुलत्या खुर्चीला असतात तशा खाली गोलाकार पट्ट्या. बाळ आमच्या ट्रॅव्हल कॉटमध्येच झोपणार होतं.

मी पाळण्याला धक्का दिला.

"कस्तुरी, हात काढ! रिकामा पाळणा हलवतात का?"

"काय होतं हलवल्याने?"

"बाळाला त्रास होतो."

"वहिनी, तू फार्मासिस्ट आहेस ना गं?"

"निवू, ती ग्लासगोहून फिजिक्स शिकून आलीये," दादा हसला. "तिला रीडिंग दाखव, रीडिंग."

मग मी मुद्दामच रीडिंग घेतलं. मोबाईलच्या स्टॉपवॉचवर दहा झोके, तेरा सेकंद. तीनदा मोजलं. तेवढेच.

नऊ वाजता दोघं कोपऱ्यावर जेवायला गेले. बाहेर चांगला उजेड होता. अंधाराला घाबरले असं कोणी म्हणू नये, म्हणून सांगते.

बाळ कॉटमध्ये हातपाय नाचवत, एकटंच बडबडत होतं.

आणि बडबड थांबली...

मी पुस्तकातून वर पाहिलं. बाळ जागं होतं. हात हवेत तसेच. नजर कोपऱ्याकडे.

करर्र... करर्र...

पाळणा हलत होता.

खिडकी बंद. पंखा नाही. खाली दगडी फरशी. सगळं तपासलं. शिवाय धक्का लागला असता, तर झोका कमी कमी होत गेला असता.

हा होत नव्हता.

मी स्टॉपवॉच लावला. 

दहा झोके. सतरा सेकंद.

पुन्हा. सतरा.

असा पट्ट्यांवरचा पाळणा भरला की सावकाश झुलतो. म्हणजे पाळण्यात वजन होतं...

तेव्हा बाळाच्या श्वासाकडे लक्ष गेलं. एक झोका, एक श्वास. एक झोका, एक श्वास.

पाळणा मंदावला.

श्वासही मंदावला.

पुढचा झोका येईना... बाळाचे ओठ निळसर दिसले.

मी तिला उचलून छातीशी धरलं. भीती गेली आणि संतापच आला. कोपऱ्याकडे तोंड करून मराठीतच ओरडले, "झोके घ्यायचे तर खुशाल घे! हिच्या श्वासाला हात लावायचा नाही. हिची आत्या उभी आहे इथे!"

हळदकुंकू नाही, घुगऱ्या नाहीत, आई नाही. मी तिच्या कानाशी तोंड नेलं.

"कुर्र... सान्वी."

तिने मोठ्ठा श्वास घेतला आणि भोकाड पसरलं.

पाळणा थांबला. हळूहळू नाही. एका बाजूला कललेला, तसाच. कोणी हाताने धरून ठेवावा तसा...

दहा मिनिटांनी दार उघडलं. वहिनीने माझा चेहरा पाहिला.

"परत हलवलास ना?"

"नाही. पण नाव ठेवलं."

"आई मारणार तुला," दादा म्हणाला. त्याचं पाळण्याकडे लक्षही गेलं नाही. वहिनीचं गेलं. पाळणा एव्हाना पुन्हा सरळ उभा होता. तिने त्या रात्री सान्वीला मांडीवरून खाली ठेवलं नाही.

सकाळी निघण्याआधी मी पाळण्यात पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या ठेवत गेले. दर वेळी दहा झोके मोजले. सतरा सेकंद व्हायला अकरा बाटल्या लागल्या.

साडेपाच किलो.

बोटीवर मी सान्वीचं लाल पुस्तक उघडलं, इंग्लंडमध्ये प्रत्येक बाळाला मिळणारी तब्येतीची नोंदवही. घरी येणाऱ्या नर्सने, हेल्थ व्हिजिटरने लिहिलेलं शेवटचं वजन पाहिलं.

साडेपाच किलो.

दादा म्हणतो, त्या वयाच्या कितीतरी बाळांचं वजन तेवढंच असतं. बरोबर आहे त्याचं.

पण मग ते कुठलं बाळ होतं?

सान्वी आता, २००९ मध्ये, तीन वर्षांची आहे, ठणठणीत. मीही घाबरलेली नाही. रिकामा पाळणा दिसला की आजही मुद्दाम धक्का देते.

फक्त... तो पूर्ण थांबेपर्यंत तिथून हलत नाही.